अप-डाऊन करणारी लेक

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांतून एकच विषय निघतो. मुलीला बरे गुण पडलेले असतात, पेढे वाटून झालेले असतात, आणि मग रात्री जेवणं आटोपल्यावर घरातलं मोठं माणूस हळूच विचारतं, "मग पुढं काय करायचं हिचं?" हा प्रश्न फक्त शिक्षणाचा नसतो, हे तुम्ही आम्ही चांगलं ओळखतो. त्यात पैसा असतो, लग्न असतं, लोक काय म्हणतील ते असतं आणि सगळ्यात मोठं म्हणजे रस्ता असतो.

आमच्या किल्लारीहून लातूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. मुलीला पुढं शिकवायचं तर तीन वाटा. लातुरात रूम करून ठेवायची, वसतिगृहात घालायची, नाहीतर रोज एस.टी.ने जाऊन-येऊन करायचं. रूम आणि मेसचा खर्च बहुतेक घरांना झेपत नाही. लातूर पॅटर्नमुळे चार जिल्ह्यांची मुलं तिथं येऊन राहतात, त्यामुळे खोल्यांची भाडीही वाढलेली. वसतिगृहाच्या जागा मोजक्या. तेव्हा उरतं ते अप-डाऊन. शब्द इंग्रजी खरा, पण औसा, निलंगा, उमरगा भागातल्या कुठल्याही आजीबाईला विचारा, "नात काय करती?" तर त्या सांगतील, "अप-डाऊन करती की लातूरला."

मी स्वतः माहेरी असताना बी.ए.ची तिन्ही वर्षं अशीच अप-डाऊन करून काढली. आता सासरी, किल्लारीत, घर सांभाळून एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली सकाळी पाठीला दप्तर लावून स्टँडकडे जाताना दिसतात, आणि त्यातली एखादी दिसेनाशी झाली की जीव चुकचुकतो. आजचं हे हितगुज त्यांच्या आयांसाठी.

आधी थोडा हिशोब करू या. आपण दुधाचा, गॅसचा हिशोब ठेवतो, मग लेकीच्या वेळेचा का नको? गाडीत जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास, आणि दोन्हीकडे थांबण्यात मिळून तासभर. म्हणजे रोजचे साडेतीन तास. वर्षाला कॉलेजचे दोनशे दिवस धरले तरी सातशे तास झाले. तीन वर्षांत दोन हजार शंभर! दिवसरात्र मोजले तर जवळजवळ सत्याऐंशी दिवस आपली मुलगी नुसती रस्त्यावर असते. घरी आल्यावर "दिवसभर बसूनच तर होतीस" असं आपण सहज म्हणून जातो. पण कित्येकदा ती बसलेली नसते, उभीच असते!

आता तुम्ही म्हणाल, विद्यापीठंच अशी लांब का काढली? त्यालाही इतिहास आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपल्या देशातली पहिली तीन आधुनिक विद्यापीठं १८५७ साली निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्या वेळी विद्यापीठाचं काम म्हणजे परीक्षा घेणं आणि पदवी देणं. शिकवायचं ते कॉलेजांनी. विद्यार्थ्याने विद्यापीठात येऊन राहावं, ही कल्पनाच त्यात नव्हती. तीच पद्धत पुढं सगळीकडे चालत आली.

आपल्या मराठवाड्याचं तर विचारूच नका. निजामाच्या राज्यात आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. ते १९१८ साली निघालं आणि तिथं शिक्षणाची भाषा उर्दू. किल्लारीसारख्या गावच्या मुलीने तिकडं जाण्याचं स्वप्नही पाहू नये, अशी स्थिती. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, आणि १७ सप्टेंबर १९९४ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. भूकंपाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. लातूरची कॉलेजं त्या विद्यापीठाकडे आली. लातूरला त्याचं उपकेंद्रही आहे. तरी नांदेड आपल्यापासून इतकं लांब, की आमच्या बहुतेक मुलींनी विद्यापीठ पाहिलं ते मार्कमेमोवर छापलेलं तेवढंच!

म्हणजे विद्यापीठ नांदेडला, कॉलेज लातुरात आणि मुलगी किल्लारीत. या तिन्हींना जोडणारी दोरी कुठली? तर लाल एस.टी.!

मुंबईची मुलंही असंच करतात, हे खरं. माझ्या एका नणंदेची मुलगी बदलापूरहून दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात जाते. तिचाही जाण्यायेण्यात रोज तीन तासांवर वेळ मोडतो. मुंबई विद्यापीठाची जुनी इमारत फोर्टात राजाबाई टॉवरपाशी, मोठं आवार कालिन्याला, आणि कॉलेजं शहरभर पसरलेली. मुलं लोकलने येतात आणि लोकलने जातात. दिवाळीला आली होती तेव्हा ती सांगत होती, "मामी, आमचं खरं कॉलेज म्हणजे लेडीज डबाच. कॉलेजात मैत्रिणी वर्गापुरत्या, डब्यातल्या मात्र कायमच्या." त्या डब्यात नोटा वाचल्या जातात, भाज्या निवडल्या जातात, संक्रांतीचं हळदीकुंकूही होतं. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त बायकांसाठी पहिली लेडीज स्पेशल सोडली, आणि नोकरदार बायकांबरोबर कॉलेजच्या मुलींचीही मोठी सोय झाली.

गर्दी, धक्के, घाम हे त्या पोरींनाही चुकलेलं नाही. पण त्यांच्या आणि आपल्या मुलींच्या अप-डाऊनमध्ये एक मोठा फरक आहे. मुंबईच्या मुलीची एक लोकल चुकली तर थोड्याच मिनिटांत दुसरी येते, आणि गाड्या रात्री उशिरापर्यंत चालू असतात. त्यामुळे ती लायब्ररीत सातपर्यंत बसू शकते, नाटकाच्या तालमीला थांबू शकते, सरांना शंका विचारू शकते. आपल्या मुलीची संध्याकाळची गाडी चुकली की पुढची तास-दीड तासाने. ती गच्च भरलेली असेल, किंवा येणारच नाही. म्हणून शेवटचा तास चालू असतानाच तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. प्रॅक्टिकल अर्धं टाकून ती पळते. गॅदरिंग नाही, एन.एस.एस.चं शिबिर नाही, वक्तृत्व स्पर्धा नाही. मी तीन वर्षांत कॉलेजची लायब्ररी किती वेळा पाहिली असेल, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वर्गात आम्हाला नावाने फारसं कोणी ओळखत नसे. "त्या गाडीवाल्या मुली" म्हणत.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलीचं शिक्षण अंतरामुळे तुटत नाही. ते तुटतं शेवटच्या गाडीमुळे. आणि अंतर आपल्या हातात नसलं, तरी गाडीची वेळ आणि गाडीतून उतरल्यानंतरचा तास या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

हे मी उगाच म्हणत नाही. कोरोनानंतर कॉलेजं उघडली आणि पाठोपाठ एस.टी.चा संप सुरू झाला. तो २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबला. तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलग्यांनी मोटारसायकली काढल्या, काही जण काळीपिवळी जीपला लटकून गेले. मुली घरी बसल्या. त्यातल्या दोघींची त्या उन्हाळ्यात लग्नं झाली. दोघीही हुशार होत्या. आणि २०१५च्या दुष्काळात आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलीने पासाला पैसे नाहीत म्हणून जीव दिला, हे आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. पास म्हणजे नुसता कागदाचा तुकडा नसतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी अशाच माझ्याकडे आल्या. लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. प्रॅक्टिकल असलं की घरी यायला आठ वाजतात. वहिनी म्हणाल्या, "बाई, पोरगी रात्री आठला घरी येती, लोकं काय काय बोलतेत. एक स्थळ बी आलंय. ह्यांचं म्हणणं, बास झालं शिक्षण. तुम्हीच सांगा तिला समजावून."

मी त्यांना एवढंच विचारलं, "वहिनी, ती साडेसहाला घरी आली असती तर काढली असती का कॉलेजातून?"

त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई, तसं तर न्हाई."

म्हणजे अडचण शिक्षणाची नव्हतीच, ती त्या दीड तासाची होती. मग आम्ही बसून त्या दीड तासाचाच विचार केला. त्यातून जे निघालं ते इथं सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे मुलींची यादी. आपल्या गावातून लातूरला जाणाऱ्या मुली किती, कुठल्या कॉलेजात आणि कोणाचा तास किती वाजता सुटतो, हे आपल्याला माहीतच नसतं. आम्ही एका वहीत लिहून काढलं तर चौदा मुली निघाल्या, आणि त्यातल्या नऊ जणींचा प्रश्न एकच होता. सगळ्या आयांचे फोन नंबर एकमेकींकडे दिले. आता एखादीला उशीर झाला तर ती एकटी थांबत नाही, आणि इकडं चौदा घरं काळजी करत बसत नाहीत.

दुसरी गोष्ट अर्ज. एस.टी.च्या गाडीची वेळ ही काही ब्रह्मदेवाने लिहिलेली नसते. आगार प्रमुखांकडे लेखी अर्ज करता येतो. त्यात नुसतं "गाडीची सोय व्हावी" असं मोघम लिहू नका. किती विद्यार्थी, पास किती जणांकडे, कॉलेज किती वाजता सुटतं, सध्याची गाडी किती वाजता निघते आणि ती किती वाजता हवी, हे आकड्यांनिशी लिहा. सोबत कॉलेजचं पत्र जोडा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा नियमच आहे. तिथं हा विषय मांडून ठराव करून घ्या आणि त्याची नक्कलही जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. एका आईचा अर्ज फायलीत पडून राहील, चौदा आयांच्या सह्यांचा अर्ज उचलावा लागतो.

तिसरी गोष्ट स्टँड ते घर. भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी वसलं. रस्ते ऐसपैस झाले, घरं लांब लांब गेली. टोकाच्या घरी जायचं तर अंधारात चांगलं पंधरा मिनिटं चालावं लागतं. लोकांच्या तोंडाला खाद्य मिळतं ते त्या पंधरा मिनिटांचं! मग घरातल्या पुरुषांनी पाळी लावून घेतली. ज्याची पाळी असेल तो सगळ्याच मुलींना घरापर्यंत सोडून येतो. वहिनींच्या मालकांचीही पाळी असते. आधी ते कुरकुरले, पण आठ दिवसांत म्हणू लागले, "पोरी गाडीतून उतरल्या तरी अभ्यासाचंच बोलतेत गं!"

चौथी गोष्ट पास आणि पैसे. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पुढच्या विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. २०२४च्या जूनपासून पास शाळा-कॉलेजातच देण्याचं महामंडळाने ठरवलं आहे, तेव्हा मुलीला स्टँडच्या रांगेत अर्धा दिवस घालवावा लागत असेल तर कॉलेजात तशी चौकशी करा. पास संपण्याच्या तारखेला कालनिर्णयवर खूण करून ठेवा आणि पासाची झेरॉक्स घरी असू द्या. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला का, हेही विचारत जा. अप-डाऊन अगदीच झेपेनासं झालं, तर शासकीय वसतिगृह मिळतं का पाहा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून राहण्याजेवणासाठी मदत मिळते. इतर समाजांतल्या मुलींसाठीही निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. कॉलेजच्या ऑफिसात याची माहिती असते. खिडकीवरच्या माणसाने एकदा "उद्या या" म्हटलं म्हणून परत फिरू नका.

पाचवी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी दोनला उघडला जातो, हे ध्यानात ठेवून तो भरा. रश्श्याची भाजी उन्हाळ्यात आंबते. त्यापेक्षा धपाटे, दशम्या, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, तेलात परतलेली कोरडी भाजी हे चांगलं टिकतं. संध्याकाळी गाडीत खायला मूठभर फुटाणे किंवा गूळ-शेंगदाणे वेगळ्या पुडीत द्या, म्हणजे घरी येईपर्यंत पोटात कावळे ओरडणार नाहीत. गाडी लागत असेल तर उपाशीपोटी पाठवू नका आणि तेलकटही खाऊ घालू नका. पुढच्या बाजूला खिडकीशी बसू द्या आणि जवळ आल्याचा तुकडा असू द्या.

आणि एक नाजूक पण महत्त्वाचं. आपल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. का? तर स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाऊल ठेववत नाही म्हणून. मग लघवीची जळजळ, ताप, पोटदुखी सुरू होते आणि मुली लाजून सांगत नाहीत. तुम्हीच विचारा. पाण्याची बाटली भरून द्या आणि कॉलेजातून निघण्यापूर्वी तिथल्याच लेडीज रूममध्ये जाऊन येण्याची सवय लावा. कॉलेजातली जागा अस्वच्छ असेल तर पालक म्हणून प्राचार्यांना भेटा. पाळीच्या दिवसांसाठी एक छोटी पिशवी दप्तरात कायमची असू द्या. त्यात पॅड, जुना कागद आणि एक जास्तीची ओढणी ठेवा.

गाडीत कोणी त्रास देत असेल तर? मुलीने घरी येऊन सांगितलं की आपलं पहिलं वाक्य काय असतं? "उद्यापासून जाऊ नको." म्हणून मुली सांगतच नाहीत! असं म्हणू नका, मैत्रिणींनो. कंडक्टरला मोठ्या आवाजात सांगायला शिकवा, ११२ नंबर पाठ करून घ्या. प्रकार कॉलेजातला असेल तर प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, तिच्याकडे लेखी द्या. मुलीला हे पक्कं माहीत हवं, की घरी सांगितल्याने कॉलेज बंद होणार नाही.

आता घरातल्या कामाबद्दल थोडं. अप-डाऊन करणारी मुलगी घरी आली की आपण झाडू तिच्या हाती देतो, आणि मुलगा आला की चहाचा कप! मी काम देऊ नका असं म्हणत नाही. काम सर्वांनीच करावं. पण आल्याआल्या अर्धा तास तिला बसू द्या, आणि परीक्षेच्या महिन्यात भांडी घरातल्या बाकीच्यांनी वाटून घ्या. रविवार सगळाच्या सगळा धुण्यात घालवू नका, कारण तिला सलग अभ्यास करायला मिळणारा तो एकच दिवस असतो.

एक आणखी माहिती असू द्या. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता गुण क्रेडिटच्या हिशोबात जमा होतात. काही कारणाने मध्येच थांबावं लागलं तर ठरावीक क्रेडिट पूर्ण केल्यावर एका वर्षाचं प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांची पदविका घेता येते, आणि पुढं पुन्हा शिक्षण सुरू करता येतं. पण "आता सोडू, मग बघू" म्हणायला याचं निमित्त करू नका हं! आपल्याकडे मुलींचं "मग" सहसा उगवत नाही.

उगवायचं ठरवलं तर मात्र उगवतंही. आपल्यातल्या कितीतरी जणींचं शिक्षण याच रस्त्यापायी अर्धं राहिलं. त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली निघालं, आणि तिथं घरी अभ्यास करून पदवी घेता येते. शिवाय १७ मार्च २०२३पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट आहे. एखाद्या दिवशी लेकीबरोबर तिच्याच गाडीने लातूरला जाऊन या. तिचं कॉलेज पाहा, लायब्ररी पाहा, परतीच्या गाडीची वाट पाहत तिच्याशेजारी उभ्या राहा. पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात.

आमच्या अर्जाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. एकदा "विचाराधीन आहे" असं उत्तर आलं, गाडीची वेळ अजून बदललेली नाही. आम्ही दुसरा अर्ज दिला आहे आणि या वेळी सह्या वीस झाल्या आहेत. वहिनींच्या लेकीचं स्थळ वर्षभर थांबायला तयार झालं. नसतं झालं तरी चाललं असतं, असं वहिनी आता म्हणतात. ती तिसऱ्या वर्षाला गेली आहे.

तुमच्या गावातून किती मुली अप-डाऊन करतात? त्यांची शेवटची गाडी किती वाजता येते? आजच चौकशी करा, वहीत लिहून काढा, आणि तुम्ही काय सोय केलीत ते आम्हालाही जरूर कळवा. एका गावाची युक्ती दुसऱ्या गावाच्या कामी येते.